रोडगा कोणत्या खड्ड्यातला?

माझं लग्न जुळवायला गेलेल्या मामांनी मुलीकडच्यांना सांगितलं, "पोरगा नागपूरले सरकारी नोकरीत हाय. हाडं साफ करते." मुलीचे वडील तिथल्या तिथे उठून आत गेले. मामांना वाटलं, चहाचं सांगायला गेले असतील. दुसऱ्या दिवशी निरोप आला की शवघरातला जावई आम्हाला नको. मग मी स्वतःच गेलो आणि पिशवीतून शेपटीच्या हाडाचा एक तुकडा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. सगळे लांब सरकले. मुलगी पुढे आली, तिने तो उचलून पाहिला आणि विचारलं, "हे इतकं जड काऊन?" मी म्हणालो, "सात कोटी वर्षांत दगड झालं म्हणून." ती विमल. आज आम्ही वर्ध्याजवळ आंजीला राहतो, आणि पाहुण्यांसमोर ती अजूनही सांगते की यांनी मला पाहायच्या आधी मी यांचं हाड पाहिलं होतं.

नोकरीच्या कागदावर माझं पद होतं प्रयोगशाळा मदतनीस. भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत मी तीस-बत्तीस वर्षं बसलो. दातांचे डॉक्टर वापरतात तसल्या सुया, रंगाचे जुने ब्रश, घमेलं, पाणी, पातळ केलेलं ॲसिड आणि एक भिंग, एवढाच माझा संसार. दगड यायचा, त्यातून हाड मोकळं करायचं, तडकलेलं चिकटवायचं आणि नंबर टाकून कपाटात ठेवायचं. पगार व्हायचा. शास्त्रज्ञांची नावं छापून यायची, आमची यायची नाहीत, आणि खरं सांगतो, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. सात कोटी वर्षांत ज्या हाडावर ऊन पडलं नाही त्यावर पहिली नजर माझी पडायची. ही चैन कोणत्या साहेबाला आहे?

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागते. आपल्या वर्ध्याकडे जिकडे पाहाल तिकडे काळी माती आणि खाली काळा पत्थर. तो पत्थर म्हणजे थंड झालेला लाव्हा. पण क्वचित कुठेतरी, नाल्याने खोल कापलं किंवा कुणी विहीर खणली की त्या पत्थराखाली हिरवट-तांबूस चिकणमाती आणि चुन्याचा दगड लागतो. लाव्हा यायच्या आधी इथे नद्या होत्या, तळी होती, आणि त्या चिखलातून अवाढव्य प्राणी फिरत होते. डायनासोर. आमचं सगळं दुकान त्या एका थरावर चालायचं.

लोकांना कळलं होतं की या माणसाला दगड दाखवला की तो हसत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक पुष्कळ. गिरडच्या टेकडीवरच्या दगडी सुपाऱ्या घेऊन दरवर्षी कोणीतरी यायचंच. फकिराने व्यापाऱ्याचा माल दगड करून टाकला ही गोष्ट ते मला सांगायचे, मी त्यांना लाव्ह्यातल्या खनिजाची सांगायचो, आणि दोघेही आपापल्या गोष्टीवर खूश राहून चहा प्यायचो. एका गुरुजींनी राक्षसाचा दात म्हणून डबीत कापूस घालून काहीतरी आणलं. तो बैलाचा दात होता, फार तर त्यांच्या आजोबांच्या काळातला. मी तसं सांगितल्यावर गुरुजी इतके खट्टू झाले की मी ती डबी परत देताना म्हणालो, बैल मोठा होता हो.

पण माझ्या धंद्याचं मर्म हाडात नाही, चिठ्ठीत आहे. हाड कुठे सापडलं, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, हे ज्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ती हरवली की हाडाचा नुसता दगड होतो. आमचे साहेब कडक. ते म्हणायचे, "मनोहर, आधी नंबर, मग चहा. आणि चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह दिसता कामा नये. शंका काढायला आम्ही आहोत. तू फक्त आकडा टाकायचा." मी ते मनावर घेतलं. अख्ख्या नोकरीत माझ्या हातून चिठ्ठीवर एकदाही प्रश्नचिन्ह पडलं नाही. निरोपसमारंभात त्याचा उल्लेख झाला. टाळ्या वाजल्या तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो, ते नम्रपणा म्हणून नव्हे. त्याचं कारण सांगायलाच हा लेख लिहितो आहे.

त्याआधी जबलपूरची गोष्ट सांगायला हवी, कारण साहेबांनी ती मला इतक्यांदा सांगितली की माझी पाठ झाली. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या टेकडीत, आपल्याकडे आहे त्याच जातीच्या थरात, हाडाच्या जाड चकत्या सापडल्या. मगरीच्या पाठीवर असतात तशा, कातडीत रुतून बसलेल्या. तिथेच पायांची आणि कमरेची हाडंही मिळाली. अभ्यासकांनी दोन्हींची जोडी लावली आणि जाहीर केलं की हा चिलखत घातलेला डायनासोर. नाव ठेवलं लॅमेटासॉरस. मग पुढच्यांनी शंका काढल्या. कोणी म्हणालं, पाय आणि कंबर मांसाहारी प्राण्याची आहे, त्याला चिलखत कशाला? कोणी म्हणालं, लांब मानेच्या शाकाहारी धुडांच्या कातडीतही अशा चकत्या असत, त्या त्यांच्याच. म्हणजे दोन-तीन प्राण्यांचे अवयव एका नावात शिवले गेले होते. मूळ हाडांपैकी बरीचशी आता मिळतही नाहीत म्हणतात. तेव्हा चिलखतवाला असा कोणी आपल्या भागात होता का, की ते नुसतं कागदावरचं जनावर, हे आजही ठाम सांगता येत नाही.

साहेबांचं स्वप्न एकच होतं. असा एक तरी चिलखती, निर्विवाद, आपल्या हातून सापडावा. आणि स्वप्नं संसर्गजन्य असतात, ते मलाही लागलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तळेगावहून, म्हणजे आपल्या श्यामजीपंतांच्या तळेगावहून, फोन आला. गुलाबराव नावाच्या संत्रा बागायतदाराच्या वावरात शेततळं खोदताना मशीनला हाडं लागली होती. साहेब आणि मी दोघे पोचलो. गुलाबराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते आणि त्यांना हाडांपेक्षा वेगळीच काळजी होती.

"साहेब, हे जनावर सरकारी निघालं तं सरकार वावर तं नाई नेनार ना?"

"जनावर सरकारी, वावर तुमचं," साहेब म्हणाले.

"मंग जनावर लवकर न्या. मले पावसाच्या आंधी तयं भरायचं हाय."

शेततळ्याच्या जागेत दोन खड्डे झाले होते, एकमेकांपासून वीसेक पावलांवर. पहिल्यात लांब मानेच्या प्राण्याच्या बरगड्या आणि शेपटीचे मणके. असे आम्ही आधी पाहिले होते. दुसऱ्या खड्ड्यात मात्र एक मांडीचं हाड निघालं, आखूड, जाडजूड, ठेंगण्या पहिलवानाचं असावं तसं. लांब मानेवाल्याचं ते नक्कीच नव्हतं. साहेब त्याच्याकडे पाहत उकिडवे बसले ते उठेचनात. शेवटी एवढंच म्हणाले, "मनोहर, याला जर चकती मिळाली ना..." पुढचं मला कळलं. आखूड जाड पाय आणि पाठीवर चकत्या, हीच तर चिलखती घराण्याची खूण. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही. भूक लागल्याचं आठवलंच नाही.

मदतीला गुलाबरावांच्या बागेतल्या बाया होत्या, सहा-सात जणी. त्यांची म्होरकी शेवंताबाई. उंच, सडसडीत बाई, बोलणं तोडून. संत्र्याच्या हंगामात माल छाटायला आसपासच्या गावांत तिला बोलावणं असे. ढिगावर नजर टाकून ती मोठा, मध्यम आणि चुरी, म्हणजे अगदी बारीक फळ, असे तीन भाग करी आणि तिचा हात डोळ्यांच्या आधी चाले. मातीतून हाडाचा तुकडा वेगळा ओळखायला ती अर्ध्या दिवसात शिकली. मला त्याला दोन वर्षं लागली होती.

मोठी हाडं आम्ही प्लास्टरमध्ये गुंडाळतो. मोडलेल्या हाताला करतात तसंच, फक्त पट्ट्या बारदानाच्या. तिसऱ्या दिवशी प्लास्टर संपलं, म्हणून साहेब आणि मी आर्वीला निघालो. सुटे तुकडे तोवर दोन खड्ड्यांशेजारी दोन पोत्यांवर पसरलेले होते. त्यांना चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या होत्या. आधी नंबर, मग चहा, हे मला ठाऊक होतं. पण बाजार बंद होईल या घाईत मी म्हटलं, आल्यावर टाकू. जाताना शेवंताबाईला सांगितलं, "आभाय आलं हाय. पानी आलं तं हे सगयं उचलून शेडमंधी नीट लावून ठेवजा."

नीट लावून ठेवजा. या तीन शब्दांत माझी नोकरी अडकली.

संत्रा छाटणाऱ्या बाईला माल नीट लाव म्हटलं की तिला एकच अर्थ कळतो. आम्ही परतलो तेव्हा शेडमध्ये तीन ढीग लागले होते, देखणे, स्वच्छ, तळाशी तणसाची गादी. मोठा, मध्यम, चुरी. दोन्ही खड्ड्यांची हाडं एकत्र, आकारानुसार. शिवाय प्रत्येक तुकडा ओल्या फडक्याने पुसलेला. कोणत्या खड्ड्याची माती कशाला लागली होती तेही पाहायची सोय उरली नव्हती. बाया कौतुकाची वाट पाहत बाजूला उभ्या होत्या.

आणि मोठ्या मालाच्या ढिगावर, अगदी वर, ती चकती होती. तळहाताहून मोठी, जाड, मधोमध उंचवटा, वर खडबडीत आणि खाली खोलगट. साहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलली.

"हे कोणत्या खड्ड्यातलं?" त्यांनी मला विचारलं.

मी शेवंताबाईकडे वळलो आणि तिला काही विचारायच्या ऐवजी तिच्यावरच ओरडलो. तुमाले लावाले सांगतलं होतं, छाटाले नाई, असं काहीबाही. ती घाबरली नाही. म्हणाली, "भाऊ, थो रोडगा हाय ना, त्याचं असं झालं का..."

"राहू द्या आता तुमचं," मी म्हणालो.

तिने ठेवलेलं नाव मात्र चिकटलं. कणकेचा गोळा चुलीत भाजून जरासा दाबलेला रोडगा, हुबेहूब तसंच ते दिसत होतं. कार्यालयातही पुढे सगळे रोडगाच म्हणायला लागले.

बाकीचे तुकडे मी हाडाच्या जातीवरून, रंगावरून कसेबसे दोन भागांत लावले. ते बहुतेक बरोबर असावेत. रोडगा राहिला. बरगड्यांच्या खड्ड्यातला असेल तर तो लांब मानेवाल्याचा, आणि त्यात नवल काहीच नाही. मांडीच्या हाडाजवळचा असेल तर मग साहेबांचं स्वप्न. मी शेडच्या दारात गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून बसलो. पेन्सिल हातात. साहेब पाठमोरे उभे होते, आणि त्यांच्या पाठीकडे पाहूनच मला कळत होतं की त्यांना कोणता आकडा हवा आहे. मलाही तोच हवा होता. मी मनाशी म्हटलं, मला वाटतं दुसऱ्याच खड्ड्याशेजारी मी हे पाहिलं होतं. असं दोनदा म्हटलं आणि मग ते आठवायलाही लागलं. मी लिहिलं: खड्डा क्रमांक २.

पुढचा महिनाभर मी रोडगा साफ केला. असा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, हे कबूल करतो. भिंगाखाली त्याच्यावरची बारीक छिद्रं, रक्तवाहिन्यांच्या खाचा एकेक करून उघडत गेल्या. साहेब दर तासाला येऊन खुर्चीमागे उभे राहायचे. ते लेख लिहायला बसलेही. पण त्यांची बदली झाली, मग आजारपण आलं, आणि ते गेले. रोडगा, मांडीचं हाड आणि माझी चिठ्ठी एका खणात बंद झाली. खोटं पकडलं गेलं नाही याचं मला बरं वाटलं. मग तसं बरं वाटल्याचं वाईट वाटलं. मग मी निवृत्त झालो.

या वर्षी होळीनंतर आमच्या दारात एक जीप थांबली. अनघा मॅडम उतरल्या. माझ्या जुन्या कार्यालयात नव्या आलेल्या, मोठ्या अभ्यासाच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांच्या हातात स्पंजात गुंडाळलेला डबा होता. ओट्यावर बसून त्यांनी तो उघडला आणि मी जुना मित्र भेटल्यासारखा हसलो. रोडगा.

"काका, या खणाकडे इतकी वर्षं कुणी पाहिलंच नाही," त्या इतक्या भरभर बोलत होत्या की विमल चहा घेऊन तशीच उभी राहिली. "मी याच्या आतला छेद पाहिला. त्यावरून पक्कं सांगता येत नाही. लांब मानेवाल्याचा असू शकतो, चिलखतीचाही असू शकतो. पण ते मांडीचं हाड बघा ना. दोन्ही एकाच जागी असतील तर आपल्याकडे चिलखती होता, हे मी लिहू शकते. लेख जवळजवळ तयार आहे. नवं नाव द्यायचा विचार आहे." मग त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "हे अक्षर तुमचं. दुसरा खड्डा, बरोबर ना? एवढं सांगा, मी निघते."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. दोन खड्डे आता शेततळ्याच्या पाण्याखाली. साहेब नाहीत. त्या चिठ्ठीबद्दल विचारणारं जगात कोणी उरलं नव्हतं. मी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. साहेब उकिडवे बसले होते तेव्हा त्यांचा असाच दिसत होता. आणि मला जबलपूर आठवलं. ज्यांनी तो प्राणी शिवला त्यांना निदान आपण चुकतोय हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "हा दोन माझ्या मनातला आहे."

मग सगळं सांगितलं. नीट लावून ठेवजा, तीन ढीग, सगळं. त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "बारा वर्षांत तुम्ही हे कुणालाच सांगितलं नाही?"

"कोणी विचारलं नाही," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला लाज वाटली.

विमल तिथेच होती. ती म्हणाली, "तुमाले कोनी इचारलं नाई, ते ऐकलं. तुमी कोनाले इचारलं होतं का? त्या बाईले?"

मॅडमनी एकदम मान वर केली. "कोणती बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं आर्वीवरून तळेगावला गेलो. विमलही आली, तिला आता राहवेना. शेवंताबाई तिच्या घरीच होती. केस पांढरे झालेले, कणा तसाच ताठ. अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती, आणि तिथेही तीन ढीग होतेच. मला पाहून म्हणाली, "या भाऊ. आज ओरडाले आले का बसाले?"

मॅडमनी डबा उघडला. शेवंताबाईने रोडगा हातात घेतला, उलटा केला, अंगठा खोलगट भागावर फिरवला.

"हाच थो. ह्याच्यावर माही पान्याची चरवी नीट बसली होती."

"आठवतं तुमाले?" मी विचारलं. "कोनत्या खड्ड्यातून आनला होता तुमी? बरगड्याच्या, का त्या जाड हाडाच्या?"

"कोनत्याच नाई," ती म्हणाली.

"म्हंजे?" विमलने विचारलं.

"खड्ड्यातला नाईच थो. नाल्यावर मोठं कवठाचं झाड हाय, त्याच्या खाली आमी भाकर खाले बसलो होतो. चरवी कलंडे म्हनून म्या दरडीतून हे उपसून काढलं अन् खाली ठेवलं. मंग पायलं तं तुमच्या मालासारखंच. म्हटलं, राहू द्या, ह्यालेबी लावून देऊ. आकार मोठा, म्हनून मोठ्या मालात लावला."

"तवाच काऊन नाई सांगतलं?"

"सांगून तं राह्यली होती. तुमी म्हटलं, राहू द्या तुमचं." ती हे रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. "अन् खड्ड्याच्या भायेर हात लावाचा नाई, हेबी तुमीच सांगतलं होतं. मंग म्या नाई बोलली. बारा वर्षं झाले, कोनी इचाराले आलंच नाई."

बारा वर्षं मी त्या दोन आकड्यांमध्ये मरत होतो, एक की दोन. उत्तर दोन्हींत नव्हतं, आणि ज्या बाईला ते ठाऊक होतं ती त्या दिवशी माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती.

मॅडमचा लेख तर त्या क्षणी संपला. मी त्यांच्याकडे भीतभीत पाहिलं, तर त्या उठून चपला घालत होत्या. "ते झाड आहे का अजून?"

झाड होतं. गुलाबराव काठी टेकत वाट दाखवायला आले आणि येताना त्यांनी मॅडमना विचारून घेतलं, नाला सरकारी की त्यांचा. नाला कोरडा पडला होता. शेवंताबाई सरळ कवठाखाली गेली, एका जागी बसली, भाकर खायला बसतात तशी, आणि डावा हात मागे नेऊन दरडीवर ठेवला. "इथून."

दरडीवर माती घसरली होती. मॅडमनी ब्रश काढला, मग तो ठेवून हातांनीच माती सारायला लागल्या. मी शेजारी गुडघ्यावर. माझे गुडघे दुखतात, त्या दिवशी दुखले नाहीत. वीतभर माती निघाली आणि खाली हिरवट थर लागला. आमचाच थर. त्यात एक रिकामी खोबण होती, खालून कडक, गोलसर. मॅडमनी डब्यातला रोडगा काढून तिच्यात अलगद टेकवला. तो बसला.

"काका," त्या हळू म्हणाल्या, "डावीकडे बघा."

डावीकडे दोन बोटं अंतरावर आणखी एका चकतीची कड दिसत होती. तिच्यापुढे तिसरी. रांगेत. पाठीवरच्या कातडीत असतील तशा, कोणी न हलवलेल्या, कोणी न छाटलेल्या. आणि त्यांच्याखाली खडकात आत जाणारं एक हाड. किती मोठं, कशाचं, काही कळत नव्हतं. मॅडम जमिनीवर सपाट आडव्या झाल्या आणि गाल मातीला लावून पाहू लागल्या. विमल म्हणाली, "अहो, मलेबी पाहू द्या ना." माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण हातांना माती होती.

"म्हणजे हा चिलखती?" मी विचारलं.

"माहीत नाही," मॅडम पडल्या पडल्या म्हणाल्या, आणि इतक्या आनंदाने माहीत नाही म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. "चिलखती असेल, लांब मानेवाला असेल, कदाचित भलताच कोणी असेल. पण काका, जो असेल तो एकच असेल. दोन जोडून केलेला नसेल."

त्या दिवशी आम्ही काही काढलं नाही. सगळं पुन्हा मातीने झाकलं, आणि त्यावर काट्या टाकायचं काम गुलाबरावांनी आपणहून अंगावर घेतलं. रीतसर परवानगी यायला दोनेक महिने गेले. पावसाच्या तोंडावर आम्ही पुन्हा गेलो, आर्वीच्या बाजारातून जुनं बारदान घेऊन. मी निवृत्त माणूस, मला कोणी बोलावलं नसतं तरी चाललं असतं, पण मॅडमनी जीप आंजीवरून नेली. पट्ट्या कापायला शेवंताबाई आणि विमल बसल्या. चकत्या, हाड आणि भोवतालची माती असा सबंध तुकडाच आम्ही प्लास्टरमध्ये बांधला, जसा होता तसा. या वेळी कोणी काही पुसलं नाही. तो अजून कार्यालयात बंद आहे. त्याला उघडायला एखादं वर्ष लागेल, आणि त्यानंतरही शास्त्रज्ञ भांडतील. खुशाल भांडोत.

प्लास्टर वाळल्यावर मॅडमनी चिठ्ठी आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तुम्हीच लिहा."

मी आधी जुनी चिठ्ठी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा आकडा खोडला. मग नवी लिहिली. जागा: नाल्याची डावी दरड, कवठाखाली. कोणाला सापडलं: शेवंताबाई. ती वाकून पाहत होती. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात, पेट्या मोजायला शिकलेली आहे. शेवटचा रकाना प्राण्याच्या नावाचा. पेन्सिल तिथे थोडी थांबली. मग मी एक वळण काढलं, खाली टिंब दिलं आणि चिठ्ठी चिकटवली.

"हा आकडा कोनता जी?" शेवंताबाईने विचारलं.

"आकडा नोय थो. हे काढलं का त्याचा अर्थ, मले माईत नाई."

तिने त्या खुणेकडे जरा वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"मंग त्या वक्ती हाच काऊन नाई काढला, भाऊ?"

"त्या वक्ती मले काढता येत नोता, बाई," मी म्हणालो.